तोफ वाजायच्या आधी

अकरा वर्षं मी वार्डोच्या धक्क्यावर काट्यापाशी उभा आहे.
कॉड नुसता हातात घेतला तरी वजन सांगतो,
पन्नास ग्रॅम इकडे, पन्नास तिकडे.
लोक पैज लावतात आणि हरतात.

तुला हातात दिलं तेव्हा मात्र काही सांगता आलं नाही.
तीन किलो एकशे चाळीस, सुईण म्हणाली.
मी म्हटलं, असेल.

घरी येताना गाडी चाळीसच्या वर नेली नाही.
मागे मासळीच्या ट्रकांची रांग,
शेवटी समुद्राखालचा बोगदा,
आणि सिनोवे मागच्या सीटवरून दर दोन मिनिटांनी:
श्वास घेतेय ना रे ही?
तूच तिच्याजवळ बसलीयस, मी म्हणालो.
तरी आरशात पाहिलं.

डिसेंबर होता. सूर्य नोव्हेंबरातच गेलेला.
दुपारी तासभर आभाळ धुतलेल्या शाईसारखं होई,
मग तेही नाही.
तुझ्या पोटाला घड्याळ ठाऊक नव्हतं, गावाला तरी कुठे होतं?
तीन वाजलेत एवढं कळायचं.
कुठले तीन, ते नाही.

सिनोवेचे टाके दुखायचे, बसताना ती एका अंगावर कलायची.
एकदा पाजता पाजता रडायला लागली.
काय झालं विचारलं तर म्हणाली,
काही नाही, टॉवेल दे.
मी टॉवेल दिला.
त्या आठवड्यात बाप म्हणून केलेलं
ते सगळ्यात उपयोगी काम असावं.

तुझी टाळू उडते.
हे मला कुणी सांगून ठेवलं नव्हतं.
पहिल्या रात्री दिवा जवळ नेऊन पाहत बसलो:
कातडीखाली काहीतरी धडधडतंय,
घाईत कुणाचं दार लावायचं राहून गेलंय
आणि आतलं सगळं दिसतंय.

दहाव्या दिवशी गुडवाय आली, दारात बर्फ झटकून.
तुला फडक्यात बांधून स्प्रिंगच्या काट्याला टांगलं.
काटा थरथरला.
काटा स्थिरावायची वाट बघणं हीच माझी नोकरी,
पण इतकी वाट मी कधी पाहिली नव्हती.
तीन किलो एकशे दहा.
येईल भरून, ती म्हणाली, आणि कॉफी मागितली.

तीस ग्रॅम.
आमच्याकडे एवढं तर पाणी निथळतं माशातून,
कुणी लिहूनही ठेवत नाही.
त्या रात्री मी घरभर ते तीस ग्रॅम शोधत होतो.

आज किल्ल्यावर तोफ उडायची आहे.
सूर्याचं अख्खं बिंब वर आलं की उडवतात,
शाळा सुटते, पोरं आरडत उतारावरून धावतात.
लहानपणी मीही धावलोय.
आणि तू, दीड तासाच्या येरझाऱ्यांनंतर,
आत्ता कुठे माझ्या खांद्यावर मिटलीयस.
चार किलो दोनशे. काट्याशिवाय सांगतो.

खिडकीखालून ओद्दवार हात करतो: ये की खाली!
मी मान हलवतो, तीही बेतानं.
अख्खं गाव पूर्वेकडे तोंड करून उभं
आणि मी मनात म्हणतोय, ढग येऊ दे.
दोन महिने नव्हतास ना,
मग अजून वीस मिनिटं थांब.

थांबला नाही.
आधी तुझ्या कानावर आला.
कानाची पाळी आरपार लाल,
आणि तिच्यावर लव, मऊ, पांढुरकी,
जिचा मला पाच आठवडे पत्ताच नव्हता.
पाच आठवडे तुला दिव्याखालीच पाहिलं.
मला वाटायचं, तू थोडी पिवळीच आहेस.

मग तोफ.
काचा हादरल्या. तू दोन्ही हात फेकलेस,
कुणी उंचावरून सोडून दिल्यासारखे,
आणि झोपेतच माझा शर्ट गच्च धरलास.

आतून सिनोवेचा आवाज: उठली?
नाही, मी कुजबुजलो. सूर्य आलाय.

थोडा वेळ काहीच नाही.
मग ती म्हणाली,
दार लोट ना, डोळ्यांवर येतोय.